सात बोटांचा नमस्कार

मामांचा नमस्कार सात बोटांचा होता. डाव्या हाताची पाच बोटं आणि उजव्या हाताची दोन, अंगठा आणि करंगळी. मधली तीन चाकणच्या एका कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली. हात जोडले की डाव्या हाताची मधली तीन बोटं समोर कुणीच नसल्यासारखी एकटी उभी राहायची. नव्या माणसाची नजर तिथं अडखळायची. मामांना ते लगेच कळायचं आणि ते त्या माणसाला आपणच मोकळं करायचे. "आडनाव दोनबोटे," म्हणायचे. "बापानं दिलेलं दुसरं हुतं. हे कंपनीनं दिलं."

तो हात वर उचलला की कानाला फोन लावल्यासारखा दिसायचा. रुग्णालयाच्या फाटकापाशी बसणारा नारळवाला दर आठवड्याला विचारायचा, "कुणाला फोन लावताय, मामा?" आणि मामा दर आठवड्याला तेच उत्तर द्यायचे. "देवाला. रिंग जातीया. उचलत न्हाई." दोघंही दर वेळी हसायचे. त्यांचं खरं नाव मला दोन-तीन वर्षांनी कळलं. त्यांचाच अर्ज भरताना विचारावं लागलं, तेव्हा.

आमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयात अपंगत्व तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड गुरुवारी बसायचं. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. त्यामुळे त्या दिवशी रुग्णालयाच्या आवारात निम्मी माणसं कारखान्यांतलीच असत: कुणाचा पंजा, कुणाचा डोळा, कुणाचा मणका. मामा निगडी प्राधिकरणातल्या एका सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी होते आणि त्यांनी आपली सुट्टी मुद्दाम गुरुवारी मागून घेतली होती. सकाळी नऊला ते आवारातल्या नळाशेजारच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. निळा गणवेशाचा शर्ट, खिशावरचं कंपनीचं नाव उसवून काढलेलं, पण त्या जागेचा निळा रंग अजून गडद. शेजारी एक कापडी पिशवी: टाचणयंत्र, डिंक, अंगठ्याची शाई आणि ती पुसायला चिंधी. कुणी बोलावलेलं नव्हतं, कुणी नेमलेलं नव्हतं. तपासणीला आलेला माणूस एकदा तरी त्यांच्यासमोरून जायचा, आणि मामा त्याचं तोंड बघायच्या आधी हात बघायचे.

हात बघून त्यांना बरंच कळायचं. इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, दाढी केलेला, केसांना तेल लावलेला माणूस दिसला की ते त्याला हाक मारायचे. एकदा असाच एक वेल्डर आला होता. उजवा हात खांद्यापासून लुळा. मामांनी त्याला शेजारी बसवून घेतलं.

"घरी शर्ट कोण घालतं?"

"मंडळी."

"मग आज?"

"आज माझा मीच घातला," तो जरा ताठ बसून म्हणाला. "पाऊण तास लागला, पण घातला."

"शाब्बास. आता आत गेल्यावर शर्टाचं सांगू नका. ते पाऊण तास सांगा."

हे ते का सांगत, ते त्यांच्याच गोष्टीतून कळायचं. ती गोष्ट ते प्रत्येकाला ऐकवायचे. मामा कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि साहेबानं घेतलेली ट्रेड टेस्ट देऊन ऑपरेटर झाले. आयुष्यात त्यांनी जेवढ्या परीक्षा दिल्या तेवढ्या सगळ्या उत्तीर्ण होण्यासाठी. बोटं गेल्यावर बोर्डाची तारीख आली तेव्हा त्यांना ती ट्रेड टेस्टच वाटली. महिनाभर घरी सराव केला. पायजम्याची नाडी, शर्टाची बटणं, फरशीवर पडलेला रुपया उचलणं. मामी भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ सांगायची. बोर्डापुढे डॉक्टरांनी विचारलं, बटण लावता येतं का? मामांनी एका दमात पाचही बटणं लावली आणि कुणी न सांगता डॉक्टरांचं पेन त्या दोन बोटांत धरून सही करून दाखवली.

"साहेब म्हणाले, शाब्बास. त्या शाब्बासकीत माझा दाखला गेला. चाळीस टक्क्यांच्या खाली लिवलं. चाळीसच्या खाली सरकारच्या लेखी आपुन धडधाकट." मग पुढचं वाक्य. ते त्यांचं नेहमीचं होतं. "बोर्डापुढं कसब दाखवायचं नसतं. नड दाखवायची असती."

याचा अर्थ सोंग करायचं असा मात्र नाही. त्याबाबत ते फार कडक होते. एकदा एक चांगला जाडजूड माणूस कुबडी घेऊन आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, चाळीसच्या वर न्यायचं काही सांगा की."

मामांनी कुबडीकडे पाहिलं. ती त्याच्या उंचीला वीतभर तोकडी होती. "कुबडी कुणाची?"

"चुलत्याची."

"मग चुलता कशावर चालतोय आज?"

माणसानं कुबडी दुसऱ्या बगलेत घेतली.

"जा, आधी त्येची काठी त्येला दे. आन मग त्येलाच घेऊन ये. त्येचा अर्ज मी भरतो." पुढच्या गुरुवारी तो खरोखरच चुलत्याला घेऊन आला. मामांनी त्याला ओळख दाखवली नाही. चुलत्याला तेवढा चहा पाजला.

मी चिंचवडच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. धाकटा भाऊ अरुण माझ्यापाशी निगडीला राहायचा. एका कंपनीत कंत्राटावर तपासनीस होता. त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार झाला. आधी जिना अवघड झाला, मग ताट उचलणं, मग पेन. कंत्राट संपलं ते पुन्हा मिळालं नाही. दाखला निघाला असता तर महिन्याचं अनुदान, महापालिकेची मदत आणि चाकाची खुर्ची, एवढं तरी मिळालं असतं. मी शाळेत असताना त्याच्यापाशी कुणाला तरी ठेवता आलं असतं. अर्ज भरून तीन महिने झाले होते. तारीख लागत नव्हती.

एरवी मी इतर वारी एकटीच चौकशीला जायची; अरुणला घेऊन एका गुरुवारी गेले तेव्हा मामांनी आम्हाला हाक मारली. आधी अरुणचे हात पाहिले, मांडीवर उताणे ठेवलेले. मग माझ्याकडून फाईल मागून घेतली. मामांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण कागद वाचताना ते डाव्या हाताचं बोट ओळीखालून फिरवत, आणि नको त्या ओळीवर ते बोट थांबायचं. ते थांबलं.

"बाई, हे 'सुधारणा अपेक्षित' कुणी लिवलं?"

"डॉक्टरांनी."

"तुमी म्हणल्याबिगर डॉक्टर असं लिहीत न्हाईत."

ते खरं होतं. मीच डॉक्टरांना विनंती केली होती. कागद अरुणच्या हातात पडणार, तो वाचणार. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेली मी, छापील शब्दाला फार घाबरते. तोंडाने बोललेलं माणूस विसरतो, लिहिलेलं विसरत नाही असं मला वाटायचं. म्हणून म्हटलं, जरा बरं लिहा.

"सुधारणा हुणार हाय म्हणल्यावर बोर्ड काय म्हणंल?" मामा म्हणाले. "म्हणंल, हू द्या सुधारणा, मग या."

मग त्यांनी मला आत नेऊन एक भिंत दाखवली. तिथं नियमांचा एक तक्ता होता आणि त्याच्यापुढे कुणीतरी लोखंडी कपाट आणून ठेवलेलं होतं. कपाट आणि भिंत यांच्या फटीत तोंड घालून तो वाचावा लागायचा. मी वाचला. ज्यांचा आजार वाढत जाणारा आहे, जे अंथरुणाला लागलेत किंवा लागणार आहेत, आणि ज्यांच्याविषयी तज्ज्ञ डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहून दिलेलं आहे, त्यांचा अर्ज रांगेतून काढून पुढच्याच बोर्डापुढे ठेवावा. एवढंच होतं. तीन महिने मी त्या कपाटासमोरच्या बाकावर बसत होते.

"तुमच्या भावाचं काम रांगेतलं न्हाईच," मामा म्हणाले. "फक्त एक वाक्य पायजे."

त्या वाक्याला ते नुसतं 'वाक्य' म्हणत. वाक्य आणलं का, वाक्य बघू, ह्यात वाक्यच न्हाई. हा आजार बरा होणारा नाही, तो वाढत जाईल, रुग्णापाशी वेळ थोडा आहे, अर्जाचा तातडीने विचार व्हावा. शब्द डॉक्टरागणिक बदलायचे, पण ते बहुधा इंग्रजीत असायचं आणि त्याची ठेवण मामांना इतकी पाठ होती की इंग्रजी येत नसतानाही ते पानावर कुठं आहे हे ते बोट ठेवून दाखवायचे. "घरातल्या कुणीतरी जाऊन ते मागावं लागतं," ते मला म्हणाले. "डॉक्टर आपणहून देत न्हाईत, त्येन्लाबी जड जातं. तुमी मागा. रडू आलं तर तिथल्या जिन्यात रडा. कागदावर नको, शिक्का पसरतो."

मी गेले, मागितलं आणि जिन्यात बसले. घरी आल्यावर अरुणनं कागद मागितला. त्याला धरता येत नव्हता म्हणून मी समोर धरला. त्यानं सावकाश वाचला आणि म्हणाला, "बरं झालं ताई, कुणीतरी लिहिलं एकदाचं. मला वाटत होतं, मलाच एकट्याला माहीत आहे." पुढच्या गुरुवारी बोर्ड झालं. अरुण नंतर दीड वर्ष होता. त्या दीड वर्षात त्याच्यापाशी दिवसभर माणूस होतं. आधीचे तीन महिने त्यानं दुपारी तहान लागली तर मी येईपर्यंत कळ काढली, ते मी वाया घालवलेले महिने. त्यांच्याविषयी तो कधी बोलला नाही.

अरुण गेल्यावर मी शाळा सोडली आणि गुरुवारी मामांच्या कट्ट्यावर जायला लागले. मामा सांगायचे, मी लिहायचे. मामींची ओळख तिथंच झाली. त्या चाकणच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला होत्या; तिथली सुट्टी रविवारची. चिखलीहून कंपनीची बस उजाडायच्या आत निघायची आणि त्या दिवेलागणीला परत यायच्या. क्वचित त्यांचाही खाडा असला की त्या डबा घेऊन कट्ट्यावर यायच्या.

"लोकांच्या बायका नवऱ्याला पोळ्या घालत्यात," मामा डबा उघडता उघडता म्हणायचे. "आमची कंपनीला घालती. मला जन्मभर गार पोळी."

"कंपनीची मान्सं जेवल्यावर ताट तरी उचलून ठेवत्यात," मामी म्हणायच्या. "तुमी सांगा, कवा ठेवलं?"

"दोन बोटांनी ताट उचलंल का?"

"बोर्डापुढं उचलाल की. पेनबी उचललं हुतं."

मामा खो खो हसायचे. मग माझ्याकडे वळून, मामींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "एक दिवस ही घरी बसंल, बाई. तव्यावरची पोळी माझ्या ताटात पडंल. तेवढं झालं की मी सुटलो." मूलबाळ नव्हतं. चिखलीत भाड्याच्या दोन खोल्या, आणि मामा मामींपेक्षा नऊ वर्षांनी मोठे.

पुढं एका गुरुवारी मामांच्या डाव्या हातातून टाचणयंत्र पडलं. त्यांनी ते उचललं, पुन्हा पडलं. "ह्यो हात कवा खाडा करत नव्हता," म्हणाले आणि मला अर्ज टाचायला दिला. महिन्याभरात डावा पाय घसटायला लागला. सोसायटीनं फाटकावरून काढलं. तपासण्या झाल्या. मेंदूत उजव्या बाजूला गाठ होती, आणि ती अशा जागी की कुणी हात लावायला तयार नव्हतं. म्हणजे पाच बोटांचा हात गेला आणि दोन बोटांचा तेवढा राहिला.

मोठ्या डॉक्टरांनी दिलेला कागद घेऊन ते माझ्याकडे निगडीला आले. शेजारचा रिक्षावाला सोडून गेला होता. खुर्चीत बसले आणि त्यांनी कागद टेबलावर पसरला. करंगळी ओळींवरून सरकत गेली आणि खालून तिसऱ्या ओळीवर थांबली.

"हेच ना?"

"हेच," मी म्हणाले.

"कुणी मागितलं बी नव्हतं. न मागता दिलं." मग कागदाची घडी घालून माझ्याकडे सरकवली. "हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. हिला ठाऊक न्हाई. हिला मी सांगितलंय, नस दबलीया, गोळ्यांनी मोकळी हुईल."

"मामा, तुम्हीच तर लोकांना सांगता..."

"लोकांना सांगणं सोपं असतं, बाई." मग हिशेब मांडावा तसं म्हणाले, "दाखला निघाला तर अनुदान आन महापालिकेचं मिळून घरभाडं भागतंय. मग हिनं कँटीन सोडलं तरी चालतंय. रांगेत ठेवला तर ते माझ्या माघारी येणार. हे मला कळतंय. पण हिला आत्ता सांगितलं, तर ही पोळी लाटंल कशी?"

ठरलं ते असं. लवकरची तारीख मिळावी म्हणून खिडकीवर कागद नुसता दाखवायचा, फाईलला जोडायचा नाही. बोर्डाच्या दिवशी मामींना आधाराला न्यावंच लागणार. मामा आत गेले की मी तो कागद डॉक्टरांच्या हातात गुपचूप द्यायचा. डॉक्टर मनातल्या मनात वाचतील, कागद इंग्रजीत आहे, मामींना कळायचं कारण नाही.

तो गुरुवार आला. मामींनी खाडा केला होता. मामांच्या अंगावर तोच निळा शर्ट, पण धुऊन इस्त्री केलेला. त्यांनी दाढीही केली होती. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं नाही. कट्ट्यावरच्या ओळखीच्या माणसांनी हात जोडले. मामांनी उजवा हात तेवढा उचलला. नारळवाला उठून उभा राहिला. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

आत तिघं डॉक्टर होते. मधले नवीन आणि तरुण होते, त्यांना मामा माहीत नव्हते. त्यांनी फाईल चाळली, शर्ट काढायला लावला, छाती, हात, पाय तपासले. मामी बाजूला मामांच्या चपला हातात धरून उभ्या होत्या. का कुणास ठाऊक, त्यांनी त्या उचलून घेतल्या होत्या. डॉक्टरांनी शर्ट पुन्हा मामांच्या खांद्यावर टाकला आणि विचारलं, "काका, बटण लावता येतं का?"

मामांनी मामींकडे पाहिलं. त्यांच्या त्या पाहण्यात मी किंवा डॉक्टर किंवा ती खोली, काहीच नव्हतं. मग त्यांनी अंगठ्यात आणि करंगळीत बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. कपाळावर घाम आला होता. डावा हात मांडीवर तसाच पडलेला. तीन बटणं त्यांनी लावली. मामींच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, जुनं, घड्याळ बघून वेळ सांगतानाचं असावं तसं.

"वा," डॉक्टर म्हणाले.

"ठीक हाय साहेब," मामा म्हणाले. "जरा डावीकडं जड वाटतं, बस. गोळ्या चालूयेत."

डॉक्टर लिहायला लागले. "हालचाल आहे. उपचार चालू आहेत म्हणता, तर थोडं थांबून बघू. सहा महिन्यांनी परत या, तेव्हा कायमचा दाखला ठरवू."

"येतो साहेब," मामा म्हणाले. "सहा महिन्यांनी येतो."

कागद माझ्या पर्समध्ये होता. मामा माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. मी जन्मभर कमी बोलत आले आहे. मला वाटलं, त्यांनी ठरवलंय, आपण कोण? मग मला अरुण आठवला, दुपारी तहान लागलेला. डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. मी पुढं होऊन कागद टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी वाचला. खालून तिसऱ्या ओळीपाशी त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी शेजारच्या दोघांना तो दाखवला. मघाशी लिहिलेल्यावर काट मारली, पुन्हा लिहिलं आणि उभं राहून मामांना म्हणाले, "काका, तुम्ही पुन्हा यायचं नाही. आम्ही घरी पाठवू." मामांनी मान खाली घातली. "बाई," ते एवढंच म्हणाले. तक्रार होती की आणखी काही, मला आजही सांगता येणार नाही.

रिक्षात मामा मध्ये बसले होते, एका बाजूला मी, एका बाजूला मामी. रिक्षा चिखलीच्या रस्त्याला लागली. मग मामी मामांच्या पलीकडून वाकून म्हणाल्या, "बाई, काय हुतं त्या कागदात?"

मी मामांकडे पाहिलं. ते बाहेर बघत होते. एक कंटेनर शेजारून जात होता, त्याचा आवाज सरेपर्यंत ते थांबले.

"वाचून दाखवा," ते म्हणाले. "मराठीत वाचा. फिरवून वाचू नका."

नक्कल माझ्याकडे होती. मी ती उघडली. शाळेत मी मुलांना मोठ्यानं पुस्तकं वाचून दाखवायची. तसा आवाज लावायचा प्रयत्न केला, लागला नाही. पण वाचलं. गाठ काढता येण्याजोगी नाही. रुग्ण बरा होण्याची शक्यता नाही. वेळ थोडा आहे, अर्जाचा तातडीने विचार व्हावा.

मामी रडल्या नाहीत. त्या मामांच्या शर्टाकडे बघत होत्या. बोर्डापुढे लावलेल्या तीन बटणांतलं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं, त्यामुळे शर्ट एका बाजूला ओढला गेला होता. त्यांनी ते बटण काढलं आणि बरोबर काजात लावलं. मग बाकीची लावली. मग हात तिथंच छातीवर ठेवला, घर येईपर्यंत.

दाखला पुढच्याच आठवड्यात आला. मदतीची मंजुरी दीड महिन्यात झाली. रांगेतल्या माणसाला याला वर्षसुद्धा पुरत नाही, हे मामांनीच मला कितीदा सांगितलेलं. मंजुरीचा कागद आला त्या संध्याकाळी मामींनी कँटीन सोडलं. पहिले चार दिवस त्या सवयीनं उजाडायच्या आत उठल्या, पदर खोचला, पिशवी घेऊन दारात बसल्या आणि बस गेल्यावर आत आल्या. पाचव्या दिवशी उजाडेपर्यंत उठल्या नाहीत.

दोघांना एकूण एकोणीस दिवस मिळाले. मी मधून मधून जायची. तव्यावरची पोळी मामांच्या ताटात पडत होती, पण तोवर त्यांना चावता येत नव्हतं. मामी ती गरम असतानाच दुधात कुस्करून भरवायच्या. एकदा मी समोर असताना एका घासानंतर मामांनी डोळे मिटून घेतले. मामींनी घाबरून विचारलं, "काय झालं?" जीभ जड झाली होती. फार कष्टानं ते म्हणाले, "पोळलं." मामी रागावल्या, मग हसल्या, मग उठून मोरीत गेल्या आणि तिथला नळ बराच वेळ वाहत राहिला.

त्या दिवसांत ते माझ्याशी त्या गुरुवाराविषयी बोलले नाहीत. एकदा निघताना मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी उजवा हात उचलला आणि पलंगावर पडलेल्या डाव्या हातावर नेऊन ठेवला. सात बोटं पुन्हा एकत्र आली, एवढंच.

ते गेल्यावर मामी चिखलीत राहिल्या नाहीत, आंदर मावळात भावाकडे गेल्या. जाताना ती कापडी पिशवी माझ्याकडे देऊन गेल्या. त्यांना मी विचारायला हवं होतं, मी तो कागद टेबलावर ठेवला ते बरोबर केलं का. विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "एकोणीस दिसांतलं चार मी दारात बसून घालवलं, बाई."

गेल्या गुरुवारी मी रुग्णालयात थोडी उशिरा पोचले. कट्ट्याच्या मागे, नळाच्या आडोशाला एक पन्नाशीचा माणूस पाठमोरा उभा होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस. उजव्या हाताला मनगटापुढं काही नव्हतं. तो डाव्या हातानं गळ्याजवळचं बटण लावत होता, पुन्हा काढत होता, पुन्हा लावत होता. आतून नावं पुकारत होते. मामा असते तर त्यांनी तिथूनच हाक मारली असती. मी थांबले. त्याचं बटण निसटलं, त्यानं पुन्हा धरलं. ते काजात जाईपर्यंत मी थांबले.

मग जवळ जाऊन म्हणाले, "छान लावलंत. आता आत गेल्यावर लावू नका."